बंड्या फोटोकडे बघत नव्हता

मिलिंद, तू गेल्यावर ठेवलेल्या जलदानाच्या दिवशी तुझ्यापेक्षा बंड्याच जास्त भाव खाऊन गेला. राग येईल तुला, येऊ दे. मोरिवलीच्या तुझ्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या कापडावर तुझा फोटो, पुढे मेणबत्त्या, फुलं, बौद्धाचार्यांचं वंदन चाललेलं, आणि टेबलाला लागून तुझा तो म्हातारा गावठी कुत्रा, मान वाकडी करून एकटक वर बघणारा. येणारा आधी तुझ्याकडे बघायचा, मग त्याच्याकडे, आणि मग डोळे पुसायचा. तुझ्या मावसबहिणीने तर मोबाइल काढून त्याचा व्हिडिओच केला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या अंबरनाथच्या स्टेटसवर बंड्या होता. खाली लिहिलेलं, मुका जीव, पण माया बघा.

मीही रडले. कुत्र्यांची डोकी तपासण्यात जन्म घालवलेली मी, जनावरांची डॉक्टर, माझ्या पुढ्यात एक कुत्रा मान वाकडी करून बसलाय आणि मी काय म्हणतेय, तर बिचारा धन्याला शोधतोय! कप्पाळ माझं. तू असतास तर तिथंच सगळ्यांसमोर माझी अक्कल काढली असतीस.

जेवणं झाल्यावर खोली झाडायची म्हणून तुझ्या आईने बंड्याला उचलून दाराशी ठेवलं. आता तुझा फोटो त्याच्या उजव्या हाताला, पार मागे. मान मात्र तशीच डावीकडे. आणि डावीकडे होतं काय? केटरिंगवाल्याचा रिकामा गॅस सिलिंडर. तितक्याच मायेने तो सिलिंडरकडे बघत होता. गॅस सिलिंडरवर एवढा जीव कोण लावतं रे? हातातली पाण्याची बाटली तिथंच टाकली मी आणि त्याची हनुवटी धरली. डोळे आपोआप तिरतिर हलत होते, एका बाजूला झरझर जायचे, परत यायचे. उभा केला तर डाव्या अंगावर कोसळला. कानात टॉर्च मारला, कान स्वच्छ. म्हणजे दुखणं कानात नव्हतं, डोक्यात होतं.

"आई, हे कधीपासून आहे?"

"मिलिंद गेला तवापासनं."

"खात नाही कधीपासून?"

"मिलिंद गेला तवापासनं."

"उलटी? चालताना पडणं?"

"आगं तवापासनंच की सगळं."

घरातल्या ज्याला विचारावं त्याचं हेच उत्तर. अख्ख्या घराने त्याचं दुखणं तुझ्या खाती टाकून दिलेलं. आणि मला नेमकं तेच हवं होतं, कधीपासून. एका क्षणात पडला असेल तर बहुतेक रक्ताची गुठळी, म्हणजे स्ट्रोक, आणि त्यातून कुत्री उठतात. हळूहळू वाकत गेला असेल तर मेंदूत गाठ, आणि त्यातून उठत नाहीत. पण कुणी बघितलंच नव्हतं. सगळे दुखवटा बघत होते.

तुझी आई माझ्याजवळ येऊन खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "शुभा, तुझ्याकडं ते शेवटचं इंजेक्शान असतं न्हवं? दे त्याला. तो चाललाय त्याच्या मागं, जाऊ दे. माझ्याच्यानं आणखी एक मरण टक लावून बघवायचं न्हाय."

मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. ती म्हणाली, उद्या. बस, एवढाच वेळ मिळाला मला.

तुला खरं सांगू? त्या वेळी मला दुःखबिक्ख काही होत नव्हतं. तुझा राग येत होता. कारण ह्या भानगडीतून बाहेर पडायचा रस्ता एकच होता, आणि त्या रस्त्याला परत जाणार नाही असं मी तुझ्या तोंडावर सांगून बसले होते.

आठवतंय, शिवमंदिराकडच्या आपल्या दवाखान्यात पहिल्यांदा तू ते खूळ काढलंस तेव्हा? मी एका बोक्याचे टाके काढत होते. तू आलास आणि म्हणालास, "शुभा, आपण लोकांना सांगून कुत्री मारतोय." तुझी बोलायची पद्धतच ती, आधी दगड मारायचा आणि मग हालहवाल विचारायची. तुझं म्हणणं होतं, म्हातारं कुत्रं अचानक कोलमडलं, मान वाकडी झाली की लोक म्हणतात लकवा झाला, सोडवा आता. आणि आपण सोडवतो. त्यातली किती नुसती पडून राहिली असती तरी उठली असती हे आपल्याला माहीतच नाही, कारण आपण कधी आत डोकावून बघितलं नाही. "एमआरआय करायचा. प्रत्येकाचा. पडल्यावर एकदा, आणि बरं झाल्यावर परत एकदा. गुठळी कुठं होती, मेंदू कसा सावरला, सगळं दिसेल."

मी म्हटलं, "आणि एमआरआयसाठी कुत्रं पडून राहणार गपचूप? श्वास रोखून धरा म्हणून सांगणार तू त्याला?"

"त्याच्यासाठी तू आहेस ना. भूल तू दे. टेन्शन कायको लेती है."

उल्हासनगरच्या त्या सेंटरचे सिंधी अंकल तुला कसे वश झाले, देव जाणे. माणसांचं मशीन, माणसांची गादी. अंकल म्हणाले होते, "साईं, संडे दुपारनंतर. पर सोमवारी पेशंटला एक पण बाल दिसला, तो तेरा मेरा रिश्ता खतम." म्हणून दर रविवारी काम झालं की तू गुडघ्यावर बसून चिकटपट्टीने ती गादी टिपायचास, एकेक केस उचलायचास. डॉक्टरकी गेली चुलीत! मी तुला हसायचे, आणि मशीन चालवणारी रेशमा आपल्या दोघांना हसायची. चांगले दिवस होते ते, मिलिंद. तेव्हा म्हणाले नाही, आता म्हणते.

पण त्या खोलीत मी काय करायचे हे तू कधी नीट बघितलंस का? आत लोखंड न्यायचं नाही, चुंबक खेचून घेईल. म्हणजे ऑक्सिजनचा सिलिंडर बाहेर, माझं नाडी दाखवणारं यंत्र बाहेर. सलाईनच्या नळ्यांना नळ्या जोडून लांबच लांब ओढायच्या आणि दोन बोटं कुत्र्याच्या मांडीच्या आत, नाडीवर. कानात बोळे कोंबले तरी मशीनचा तो ठणठणाट, आणि त्यात मला श्वास ऐकूच यायचा नाही. पोट वर येतंय का, खाली जातंय का, एवढंच बघत बसायचं. तू काचेपलीकडे. तुझ्यासमोर मेंदू, माझ्यासमोर पोट. आपलं भांडण इथूनच सुरू झालं, मला वाटतं.

मांजर्लीची लूसी. तिचं नाव घेतलं की आजही माझं डोकं तापतं. ती रिटायर्ड जोडी, नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा टीव्ही सोडून कुत्री डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर गेलेली माणसं. लूसी पडली, आपण स्कॅन केला, गुठळी दिसली, थांबलो, लूसी उठली. मस्त झालं. भाजीवाल्यावर भुंकायला लागली. विषय संपला ना? नाही. तू त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन त्यांना दुसऱ्या स्कॅनला तयार करून आलास.

मी तेव्हाच म्हटलं होतं, बऱ्या झालेल्या कुत्रीला परत भूल द्यायची ती कशासाठी? तिच्या काय उपयोगाची? तू म्हणालास, तिच्या नाही, पुढच्याच्या. मी म्हटलं, पुढच्याने लूसीला विचारलंय का?

तरी दिली मी भूल. आणि अर्ध्यात तिचं पोट हलायचं थांबलं. मी हात वर केला, ओरडले. मशीनच्या आवाजात कोण ऐकणार! काचेकडे बघितलं तर तू मान खाली घालून स्क्रीनकडे बघत होतास. तो सगळा वेळ, मिलिंद, तू स्क्रीनकडे बघत होतास. शेवटी रेशमाचं लक्ष गेलं, तिने मशीन बंद केलं. मी लूसीला छातीशी धरून बाहेर धावले, ऑक्सिजन लावला, घासलं, दाबलं, शिव्या दिल्या, आणि एकदाचा तिने श्वास घेतला. आणि तू बाहेर येऊन काय म्हणालास?

"पण इमेज आली ना."

तुझ्या इमेजला आग लाव, म्हटलं मी. ह्यापुढे त्या मशीनच्या खोलीत माझा पाय पडणार नाही.

मग ते आपलं शाळकरी पोरांसारखं वागणं. एकाच दवाखान्यात बसून, "सरांना सांगा कात्री द्या." "मॅडमना सांगा त्यांच्याच खिशात आहे." गिऱ्हाइकं गालात हसायची. एकदा दार ओढून घेताना तू थांबलास आणि म्हणालास, "रविवारी बोलू गं निवांत." मी म्हटलं, बघू. त्या रविवारच्या आतच तुझं हृदय बंद पडलं. घरातून दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ दिला नाहीस तू कुणाला.

आणि आता तुझी आई माझ्याकडे शेवटचं इंजेक्शन मागत होती.

मी रेशमाला फोन केला. अंकलनाही केला. ते म्हणाले, "डॉक्टर का कुत्ता है ना? लेके आओ. बाल का टेन्शन नहीं." दुसऱ्या दिवशी रविवारच होता. बंड्याला चादरीत गुंडाळून तुझ्या आईने मांडीवर घेतलं आणि आम्ही रिक्षाने उल्हासनगरला गेलो. सेंटरच्या दारात ती म्हणाली, "ह्या म्हाताऱ्याला भूल झेपंल का?"

"माहीत नाही, आई."

"नाय झेपली तर?"

"तर तुम्ही म्हणत होता तेच होईल."

तिने मान हलवली आणि बाकावर बसली.

रेशमाने पट्टा काढला, गळ्यातली घुंगरं काढली. मी भूल दिली, नळी घातली, बोटं मांडीत खुपसली. काचेपलीकडे तुझी खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी पोटाकडे बघत बसले. ठणठण सुरू झालं. बंड्याची नाडी बारीक, पण होती. एक, मग मध्ये मोठी फट, मग एक. म्हातारं हृदय, अर्धपोटी शरीर. मनातल्या मनात मी त्याला दम देत होते, मरायचं नाही हां, तुझ्या धन्यासारखं अर्ध्या बोलण्यातून उठून जायचं नाही.

मध्येच आवाज थांबला. रेशमा दार उघडून आत आली. "मॅडम, लहान मेंदूत डाव्या बाजूला काहीतरी आहे. पण समजत नाही. गाठ पण वाटते, गुठळी पण वाटते. सर अशा वेळी वो एक आणखी स्कॅन चालवायचे, ज्याच्यात ताजी गुठळी एकदम चमकते. करू?"

"किती वेळ?"

"थोडा लागेल."

मी बोटं दाबली. नाडी आणखी मंद झाली होती. पोट वर यायला फार वेळ घेत होतं. आत्ता बाहेर काढला तर वाचेल, पण हातात काय, तर एक अर्धवट डाग, आणि तो घेऊन मी बाहेर बाकावर बसलेल्या बाईला सांगणार काय? मला कळत नाही म्हणून? ती म्हणेल, मग दे इंजेक्शन. आणि आत ठेवला तर कदाचित इंजेक्शनची गरजच उरणार नाही. मिलिंद, तेव्हा मला तुझा इतका संताप आला! स्क्रीनच्या बाजूला बसून तू हे दर रविवारी ठरवायचास, आणि मी समजायचे ह्याला कुत्र्याची पडलेली नाही.

"कर," मी म्हटलं. "पण तू माझ्याकडे बघत राहा. स्क्रीन गेली खड्ड्यात, माझ्या हाताकडे बघ."

रेशमा बघत राहिली. पुन्हा ठणठण. मी बंड्याच्या पोटावर नजर रोवली. वर आलं. खाली गेलं. मग येईना. मी डावा हात उचलायला घेतला, खांद्यापर्यंत नेला, आणि आलं. इतकं हळू आलं की मला ते भासच वाटलं. पुन्हा खाली. पुन्हा फट. हात तसाच अर्धा वर धरून मी बसले होते. उचलावा तर सगळं वाया, न उचलावा तर कुत्रं जाईल. खांदा भरून आला, घाम डोळ्यात गेला, पण पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता. मग मशीन थांबलं.

बाहेर काढला, ऑक्सिजन लावला. जीभ गुलाबी होती. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रेशमाने मला पाणी पाजलं, लहान मुलाला पाजतात तसं.

ताजी गुठळी होती. काळ्या पडद्यावर पांढरीशुभ्र, पाचरीच्या आकाराची. गाठ नाही. तू कितीतरी वेळा दाखवलं होतंस म्हणून ओळखता आलं. थांबलं तर उठेल असं कुत्रं होतं ते.

पण हे मला पटून काय उपयोग? तुझ्या आईला पटायला हवं. तिला आत बोलावलं, स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "एवढा मोठा डाग पडलाय आणि तू म्हणतेस बरा होईल? तू मला धीर देतीस. मिलिंदच्या वेळेस घरी बोलावलेले डॉक्टर पण धीरच देत होते, तो कवाच गेला होता." मग मी काय केलं असेल? रेशमाला म्हटलं, मांजर्लीच्या लूसीचं काढ. दोन्ही काढ. पहिला आणि दुसरा शेजारी शेजारी लाव.

हो. तोच दुसरा स्कॅन. ज्याच्यासाठी मी तुझ्या तोंडावर दार आपटलं तो. पहिल्यात बंड्याच्यासारखाच पांढरा डाग. दुसऱ्यात डाग नाही, जुन्या जखमेचा वण राहतो तशी बारीक रेघ. "आई, ही कुत्री आज भाजीवाल्यावर भुंकते. हवं तर तुम्हाला मांजर्लीला नेऊन दाखवते."

तुझी आई स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. पहिल्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मग परत पहिल्यावर. "हे मिलिंदनं काढलंय?"

"हो."

"म्हंजे थांबायचं."

"थांबायचं. पंधरवडाभर तरी. चमच्याने भरवावं लागेल, कूस बदलावी लागेल, घाण काढावी लागेल."

"काढीन की," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "थांबायला मिळतंय, हेच लई झालं. पोरानं तर एक रात्र सुदिक उशाशी बसू दिलं न्हाय."

त्यानंतर मी रोज मोरिवलीला गेले. बंड्या कोसळायचा, तुझी आई उचलायची. तिने त्याच्या दोन्ही अंगाला गोधड्या लावल्या होत्या. पेज चमच्याने भरवायची आणि तुझ्याबद्दल त्याच्याशी बोलायची. तू शाळेत असताना जखमी घार घरी आणून पंख्याला बांधली होतीस म्हणे! हे मला कधी सांगितलं नाहीस. आधी त्याचे डोळे हलायचे थांबले. मग तो बसायला लागला. मधेच एक दिवस सगळं उलटलं, उलट्या झाल्या, आणि तुझ्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता मागेल. नाही मागितलं.

काल सकाळी आईचा फोन आला. नुसता लपलप, लपलप आवाज. मला आधी कळेचना. मग तिचा आवाज आला, "आईक. स्वतःच्या पायानं गेलाय मोरीपतूर. तिरकाच चालतो, भिंतीला घासत, पण गेला. पाणी पितोय बघ."

मी रडले. ह्या खेपेला रडण्यासारखंच होतं.

मग ती म्हणाली, "मिलिंद असता तर आता परत मशिनीत घातला असता ना ह्याला? बरा कसा झाला ते बघायला?"

"घातला असता."

"तू घालणार?"

"नाही, आई."

"मग त्याला सांग तसं. मनात ठिवू नकोस. तुमचं भांडान मला ठाव हाय. तो घरी येऊन रोज बोलायचा, शुभाचं बी खरं हाय, पर मी तिला म्हननार न्हाय."

बघ की! रोज म्हणे. आणि मला काय, तर सरांना सांगा, मॅडमना सांगा.

म्हणून हे लिहिते आहे. लूसीचा दुसरा स्कॅन नसता तर बंड्या आज नसता, हे खरं आहे, कबूल. खोटं कशाला बोलू, आणि ते सुद्धा तुझ्याशी? उद्या दुसऱ्या कुणाची आई माझ्यासमोर बसेल तेव्हा बंड्याचा दुसरा स्कॅन माझ्याकडे नसेल, हेही कळतंय. रेशमानेही विचारलं काल. सगळं कळतंय, आणि तरीही नाही, मिलिंद. तो पाणी पितोय. एवढ्यासाठी मी त्याला परत त्या खोलीत नेणार नाही, त्याच्या पोटाकडे बघत परत तसा हात अर्धा वर धरून बसणार नाही. तुला पटत नसेल तर ये आणि भांड माझ्याशी.